आखूड नळी

"लांब नळी लावू की आखूड?" पेंटबॉलच्या मैदानावरच्या बाईंनी बंदूक हातात घेऊन विचारलं. "लांब नळीचा आवाज कमी येतो, लपून खेळणाऱ्यांना बरी. आखूड घेतलीत तर धावत अंगावर जायचं."

धांडेंनी लांब घेतली. अकोल्याहून बदली होऊन आठ महिने झाले होते, पण पुण्याच्या ऑफिसातसुद्धा ते आवाज न करताच वावरत.

टायरच्या ढिगामागे ते दबा धरून बसले. डाव संपला तेव्हा ऑफिसातले सगळे रंगानं माखून एकमेकांना टाळ्या देत होते. धांडेंच्या जॅकेटवर साधा ठिपकाही नव्हता. त्यांना शोधत कुणी त्या बाजूला फिरकलंच नव्हतं.

"आखूड द्या," ते बाईंना म्हणाले.

दुसऱ्या डावाची शिट्टी होताच ते मैदानाच्या मधोमध धावत सुटले. पहिलीच गोळी छातीवर फाडकन फुटली. पिंपामागून ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी डोकावली. "अय्या, धांडेसर! लागलं का हो?"

"थोडंसं," ते म्हणाले.

बाद झालेल्यानं लगेच बाहेर जायचं असतं. पण ती आणखी काही विचारेल म्हणून धांडे तिथंच उभे राहिले.