बारा पॉइंट सात

“बारा पॉइंट सात,” मुलगा फोनवर म्हणाला. “मीटर हातातच आहे माझ्या. ठणठणीत.”

“दोन्ही?”

“दोन्ही. जुळ्या बहिणी आहेत तुझ्या बॅटऱ्या, आई. तू फक्त पायाकडे बघ.”

बसबाईंनी फोन मांडीवर ठेवला. तो आकडा ऐकून त्यांना आज पहिल्यांदाच बरं वाटलं नाही.

बसबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली, आत पलंग, शेगडी आणि छोटा फ्रिज बसवून घेतला, आणि भाड्याचं घर सोडून त्यातच राहायला गेल्या. लोक म्हणाले, या वयात हे काय खूळ. बाई म्हणाल्या, जन्मभर दुसऱ्यांची पोरं सोडत आले, आता जरा स्वतःला सोडून येते. गाडी तेवढी मुलाच्या नावावर केली, कारण बाईंचं वय ऐकून विमेवाले तोंड वाकडं करायचे. मग एका पावसाळी सकाळी व्हॅनच्याच पायरीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून बाई मुलाच्या घरी, आणि व्हॅन गावाबाहेरच्या शेडमध्ये.

व्हॅनमध्ये इंजिनची बॅटरी वेगळी असते. या दोघी पलंगाखालच्या, घर चालवणाऱ्या. दिवा, पंखा, फ्रिज, सगळा संसार त्यांच्या जिवावर. गाडी नुसती उभी राहिली, तरी त्या आतल्या आत ओसरत जातात, आणि पार रिकाम्या झाल्या की पुन्हा उठत नाहीत. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाईंनी कॉटवरूनच मुलाला पढवलं होतं. मेन स्विच बंद ठेव. दर रविवारी मीटर लाव, बारा पॉइंट सात व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं. आकडा उतरला की चार्जर जोड. “तान्ह्या लेकरासारखं आहे बघ. अवघड काही नाही, फक्त विसरायचं नाही.”

तो विसरला नाही. रविवार आला की फोन येई. बाईंचा सगळा आठवडा त्या आकड्यावर चाले. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणे, आता पुरे. बाई दात आवळून म्हणत, व्हॅनची पायरी याहून उंच आहे, अजून वर घे. घरात कौतुक नव्हतं ते एका सुनेला. गाडीचा विषय निघाला की ती म्हणे, “आई, दुसरं काही बोला ना,” आणि उठून जाई. बाईंना वाटे, हिला कसली आलीय आवड. चार भिंतींतली बाई ती.

पण आज बाईंच्या डोक्यात आकडा फिरायला लागला. गेल्या रविवारी हाडं गोठवणारी थंडी होती. थंडीत माणूस आखडतं तशी बॅटरीही आखडते. तरी बारा पॉइंट सात. त्याआधी तो म्हणाला होता, आत्ताच चार्जर काढला. चार्जर काढल्या काढल्या आकडा तेराच्या वर असतो, मग हळूहळू खाली बसतो. तेव्हाही बारा पॉइंट सात. बॅटरी ही नाडीसारखी. कधी वर, कधी खाली. सदा एकच वेळ दाखवतं ते बंद पडलेलं घड्याळ.

मीटर बिघडलं असेल, बाईंनी स्वतःला सांगितलं. आईचं मन. आधी मीटरवर आळ घेतं.

त्यांनी परत फोन लावला.

“अरे, एक राहिलंच. बॅटऱ्यांमध्ये पाणी बघितलंस का?”

लहानपणी बसच्या बॅटरीत पाणी घालताना नरसाळं हाच धरून उभा राहायचा. जीभ बाहेर काढून, जसं काही सोनं ओततोय. पण त्या बॅटऱ्यांचा जमाना गेला. व्हॅनमधल्या या दोन्ही बंद जातीच्या. वरून सपाट, कुठे झाकण नाही, थेंब घालायला जागा नाही. आंधळ्यानंही हात फिरवला तरी कळेल. बाई फोन कानाला दाबून मनातल्या मनात विनवत होत्या. म्हण रे. आई, यांना झाकणंच नाहीत, असं म्हण. वैतागून म्हण, हसून म्हण.

“घातलं की,” तो म्हणाला. “दोन्हींत, काठोकाठ. तू शिकवलंस तसं, नरसाळं लावून. एक थेंब बाहेर सांडला नाही.”

“शहाणा माझा,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सून पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. बाई तिच्याकडे वळल्या.

“गाडी विकली ना गं?”

सुनेचा हात चादरीवर थांबला. कोण म्हणालं, असं तिनं विचारलं नाही. ती येऊन पलंगाच्या कडेला बसली.

“हो.”

“डॉक्टरांनी सांगितलं असेल त्याला, ही आता काही चालत नाही म्हणून,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून मुलाच्याच बाजूने उभा होता. “मग तो तरी काय करणार. माझं मन मोडवेना, म्हणून लपवलं.”

सुनेनं नकारार्थी मान हलवली.

“डॉक्टर तेव्हा आत होते, आई. तुमचं ऑपरेशन करत होते,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक आमच्या शेजारी बाहेरच्या बाकावर बसलं होतं.”