शाईऐवजी गोळी

कोसमघाटचा डोंगर खाणीला द्यायचा की नाही यावर मतदान होतं, आणि बहात्तर वर्षांच्या यमुनाबाई कुळमेथे केंद्रातल्या काचेला कपाळ लावून उभ्या होत्या. जन्मतारीख हल्ली कोणी विचारत नसे. काच मेंदू वाचायची आणि माणूस किती समजूतदार झालाय ते वयात सांगायची.

“सतरा,” काच म्हणाली.

“आजी, तुम्ही अजून लहान आहात.” अधिकाऱ्याने बोटाला शाई लावायच्या ऐवजी त्यांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.

“बाप्पा, माझ्या नातीला लेकरू झालं, अन् मी सतराची काहून?”

अधिकाऱ्याने पुढच्याला हाक मारली. बाहेर व्हरांड्यात, डोंगरासाठी उपोषणाला बसलेली सगळी म्हातारी मंडळी गोळ्या चघळत बसली होती. शेजारच्या तालुक्यात डोंगरच नव्हता, तिथे घरोघरी सगळे प्रौढ निघाले होते. इथे मात्र खाणीची बातमी आल्यापासून लेकरंच वाढत चालली होती.

तेवढ्यात खाण कंपनीची टोपी घातलेला पुतण्या दौलत पुढे आला. त्याची तिशीही उलटली नव्हती.

“एकसष्ट,” काच म्हणाली.

“जा म्हाताऱ्या, दे मत,” यमुनाबाई म्हणाल्या. रांग हसली.

दौलतही हसला. “आलोच काकू. घरी जाऊ नका, तुमच्या वावराच्या कागदावर अंगठा लागतो.”

“माझा अंगठा मी देत नसते.”

“तुमचा नाही, माझा. लहान लेकराच्या जमिनीला पालक लागतो ना.”