उपवासाचं दळण

गिरणीच्या नरसाळ्यात चार ओंजळी गहू उरला होता आणि दारातला हवालदार काही केल्या हलत नव्हता.

गिरणीवाल्या इसहाकच्या पायाखाली, तळघरात, चाळीस पोरं गिटार-ड्रम बडवत पंक वाजवत होती. वाजवत कसली, बोंबलत होती! इसहाकला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण केडगावात यांना दार उघडणार कोण? नऊ वर्षं नियम एकच: गिरणी चालू, तोवर वाजवायचं, म्हणजे तिच्या घरघरीत आवाज बुडतो. म्हणून काष्टी-पाथर्डीची पोरं तिकिटाऐवजी धान्याची पिशवी आणायची. आज निम्मी हात हलवत आली आणि शहाण्या इसहाकने त्यांनाही आत सोडलं.

"तळघरात धिंगाणा चालतो म्हणे! तक्रार आहे!" हवालदार ओरडला.

"रिकामं बारदान हाय, सायेब!"

"बंद करा गिरणी. ऐकू द्या. आवाज आला तर आजच कुलूप ठोकतो."

"मधीच बंद केली तर दगड अडकतो. एवढं हुऊ द्या."

"होऊ द्या. उभाय मी."

 फोन लावावा, तर खालच्या गदारोळात उचलणार कोण?

छबूबाई सकाळपासून पायरीवर बसली होती, एक तळवा थरथरत्या फरशीला टेकून. शेजारी भगर-राजगिऱ्याचा डबा. नवरात्राची पाचवी माळ, म्हातारीचा नऊ दिवसांचा उपास. दगड झाडूनपुसून घेतल्याशिवाय ती डब्याचं झाकण काढू देत नसे. गव्हाचा कण लागला तरी पीठ बाद. तक्रार हिचीच, इसहाकला खात्री होती. आणि खाली माईकवर गळा फाडत होती ती हिचीच नात, दिपाली. घरी सांगून यायची, टायपिंगच्या क्लासला जाते.

गहू संपला. दगडाचा सूर बदलला, जळका वास सुटला. हवालदाराने कान पुढे केला. इसहाकचा हात बटणाकडे गेला.

छबूबाई उठली. झाकण काढलं आणि अख्खा डबा तिने गव्हाच्याच नरसाळ्यात ओतला.

"मावशी! अवो, उपासाचं..."

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हवालदाराकडे वळली. "उपाशी बाईचं दळण थांबिवतुस व्हय रं? देवीचे दिवस हायत, कायतरी वाटू दे!"

हवालदार ओशाळला. घड्याळ बघितलं, "पुन्हा येईन" म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

इसहाकने रिकामा डबा उचलला. छे, आपण हिच्यावर संशय घेतला. "मावशी, ह्ये पीठ तुमाला चालनार न्हाई आता. खाताल काय?"

छबूबाईने त्याचा कान धरून तोंडाशी ओढला.

"माझं ऱ्हाऊ दे. दिपीचं गानं हुईस्तोर बंद करू नगं."