यादीबाहेरचा बर्नर

“डिस्क लिहायचा बर्नर घेताना आधी आपल्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्यांची यादी बघायची. यादीत नाव नसेल तर तो कितीही देखणा असो, हात लावायचा नाही.” लग्नांच्या फिल्म्स करून संसार चालवलेल्या वडिलांचं हे सांगणं मुलाला दुकानात नेमकं आठवलं.

यादीतला बर्नर यायला आठ दिवस होते. दुकानदाराने दुसरा एक पुढे केला, चपटा, काळाभोर, पण बजावलंही. हा डिस्क लिहितो, शेवटी बंद करताना अडतो, आणि बंद न झालेली डिस्क घरच्या प्लेअरवर लागत नाही. आठ दिवस कोण थांबणार? मुलाने तोच उचलला.

आईच्या नजरेचा मधला भाग विरत चालला होता. चेहरे आधी जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि वडिलांची मागे राहिलेली फीत एकच, आरशासमोर दाढी करतानाची. तिला आवाज नव्हता. दुसऱ्यांची लग्नं टिपणारा माणूस स्वतःच्या वेळी माइक लावायला विसरला होता. ती फीत डिस्कवर उतरवून आईला टीव्हीवर दाखवायची होती. आईने मुलाला आणि सुनेला सांगून ठेवलं होतं, की यांचा चेहरा दिसेनासा झाला की मी आपणहून वृद्धाश्रमात जाईन, तुमच्यावर ‘जा’ म्हणायची वेळ आणणार नाही, शब्द देते. सून तेव्हा “असं काय बोलता, आई” म्हणाली, आणि त्याच आठवड्यात तिने आईच्या खोलीचं माप घेतलं.

शनिवारी सकाळी मुलाने डिस्क प्लेअरमध्ये घातली. टीव्हीवर निळा पडदा आला आणि तसाच राहिला.

“कधी लागणार रे?” आईने विचारलं.

मुलाचे कान तापले. तो काही बोलणार, तेवढ्यात बायको शेजारी येऊन बसली.

“लागली की, आई. बाबा साबण लावतायत बघा.”

आई पुढे सरकली. मान तिरकी करून एका कडेने पाहिलं, मग दुसऱ्या कडेने.

“तुला दिसतंय का रे?”

तो निळ्या पडद्याकडे बघत राहिला.

“हो,” तो म्हणाला. “स्वच्छ.”

“हसतायत?”

“हसतायत.”

चार मिनिटांची फीत. सून मधूनमधून सांगत राहिली, आता गाल, आता हनुवटी. कुठे चुकली नाही. तिने ती पुष्कळदा पाहिली होती. संपली असं तिने सांगेपर्यंत आई जागची हलली नाही.

“छान केलीस हो डिस्क,” ती मुलाला म्हणाली.

अर्ध्या तासाने ती खोलीतून बाहेर आली. स्वेटरची बटणं नीट लावलेली, हातात लहानशी पिशवी. सुनेने चहाचं विचारलं, तिने नको म्हटलं. मुलगा म्हणाला, एवढी काय घाई, उद्या मी सोडतो.

“शब्द मी दिला होता. तुला कशाला त्रास?”

तिने चपला पायांनीच चाचपून घातल्या, कठडा धरला, आणि एकेक पायरी उतरू लागली.