काढून परत टाकलेली

“इथं तर अठ्ठावीस लिहिलंय,” नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी आपला मोबाईल संघप्रियाच्या पुढं धरला.

तिनं नुकतंच तोंडानं सांगितलं होतं, तेहेतीस. नानासाहेब भाच्याला घेऊन लातूरहून बेंबळीला तिला बघायला आले होते. भाचा प्रेमानंद, शाळेत क्लार्क, पोह्यांची बशी हातात धरून बसला होता. संघप्रियानं मोबाईल घेतला. लग्न जुळवायच्या ॲपवरची तिचीच माहिती होती. वय अठ्ठावीस. अविवाहित. फोटोही तिचाच, पण एका बाजूनं कापलेला. खांद्यावरची दोन इवली बोटं तेवढी कापायची राहून गेली होती.

ती बोटं गौरीची होती. तिच्या सहा वर्षांच्या लेकीची.

“राजपाल, हे कुणी लिहिलं?”

धाकटा भाऊ दाराशीच उभा होता. “ताई, आत चल, सांगतो.”

“इथंच सांग.”

त्यानं पाहुण्यांकडं बघितलं, मग भिंतीकडं. “नवीन टाकलं म्या. तूच म्हणतीस न्हाय का, जुनं झालं की खाली जातं.”

म्हणत ती होतीच. जुन्या लुगड्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवून ती ऑनलाइन बाजारात विकायची. दोन वर्षांपूर्वी तिनं एकदा पारखून बघितलं होतं. तीच वाकळ, तोच फोटो, तीच किंमत. एक जाहिरात वर्षाची जुनी, खाली बावीस गिऱ्हाइकांनी चांगलं लिहिलेलं. दुसरी कालची, तिच्याखाली एक अक्षर नाही. आठ दिवसांत जुनीवरून दोन वाकळा गेल्या, नवीवरून सात. तेव्हापासून दर महिन्याला ती जुनी जाहिरात काढायची आणि तीच परत टाकायची. राजपाल शेजारी बसून पार्सलं बांधायचा आणि सगळं ऐकायचा.

लग्नाची माहिती पहिल्यांदा तिनंच लिहिली होती. खरं वय. घटस्फोटित. एक मुलगी, माझ्यासोबतच राहील. त्यानंतर तिनं ते उघडूनही बघितलं नव्हतं. सगळं राजपालच्या मोबाईलवर होतं.

“दहा महिने तुझं खरं ठेवलं होतं,” राजपालचा आवाज चढला. “एक फोन आला का? लोक बघायचे, मुलगी हाय म्हणून वाचायचे, पुढं जायचे. म्या काढलं, परत टाकलं. दोन दिस वर राहायचं, परत खाली. चारदा तसंच. पाचव्यांदा वय कमी केलं नि गौरीचं काढलं. एका दिसात अकरा फोन आले, ताई. अकरा!”

“माझी पोरगी काढलीस तू.”

“ॲपवरनं काढली. ठरलं की सांगणारच होतो.”

संघप्रियाच्या कानशिलांत आग पेटली. वर्षभरात घरी आलेले हे पहिलेच पाहुणे. सकाळी साडी नेसताना तिला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचीच आता तिला चीड आली.

“म्या वाकळ परत टाकते, तवा तिच्यातलं एक ठिगळ तरी लपवते का रं? जुन्या लुगड्याची हाय, तर तसंच लिहिते. घेणाऱ्यानं घ्यावी, न्हायतर जावं. आन् तू माझं लेकरू लपवलंस?”

नानासाहेब ताडकन उठले. “ही फसवणूक आहे. चल प्रेमानंद.”

“बसा तुम्ही.” तिचा आवाज असा आला की ते उठले तसेच खाली बसले. “फसवलं ते तुम्हाला एकट्यांनाच न्हाय, मलाबी. माझं वय तेहेतीस. लग्न झालं होतं, मोडलं. सहा वर्षांची लेक हाय. एवढ्या लांबनं आलाय, तर खरं काय ते बघूनच जा.”

ती अनवाणीच गल्ली ओलांडून शिवगंगाकाकूंच्या घरी गेली. पाहुण्यांच्या गडबडीत पोरगी कावंल म्हणून राजपालनंच सकाळी गौरीला तिकडं नेऊन बसवलं होतं. गौरी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती.

“गेले व्हय गं पाहुणे?” काकू म्हणाल्या. “ते गेल्याबिगर हिला धाडू नका म्हणला होता राजपाल.”

“न्हाय गेले. म्हणून तर न्यायला आले.”

तिनं गौरीचा हात धरला आणि तरातरा निघाली. पोरीला पळावं लागत होतं. आपण हात फार घट्ट धरलाय हे तिला कळत होतं, पण बोटं सैल होत नव्हती. घरात येऊन तिनं गौरीला पाहुण्यांच्या समोर उभं केलं. बोलायला तिच्यात दम उरला नव्हता.

नानासाहेबांनी तोंड फिरवलं. राजपाल खाली मान घालून उभा. मग प्रेमानंदनं बशी बाजूला ठेवली आणि तो गौरीसमोर उकिडवा बसला.

“नाव काय तुझं, बाळा?”

“गौरी.”

“छान आहे. आणि ह्या कोण तुझ्या?”

गौरीनं आधी राजपालमामाकडं बघितलं. त्यानं मान वर केली नाही. मग तिनं हात मागं बांधले, शाळेत कविता म्हणायला उभी राहते तशी ताठ झाली आणि एका दमात, मोठ्यानं म्हणाली,

“मावशी.”