तीन फांद्या

"दाजी, तुम्ही नका जाऊ. जाळं मी काढून आणतो," पिएरा काठावरून म्हणाला.

उलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवड्यांत मेहुण्याचं हे पहिलं वाक्य, आणि तेही जाळ्याबद्दल!

"तुझ्या खुणांवर विसंबून माझा पोरगा गेला. आता जाळंही तुझ्या हाती देऊ? तोंड काळं कर!"

नीलास गेला तेव्हा सगळ्यांसमोरही पिएरानं स्वतःची बाजू मांडली नव्हती. इनारी सरोवराच्या बर्फावरची वाट दर हिवाळ्यात तोच आखायचा. दोन बेटांच्या मधे खालून पाण्याला ओढ असते, तिथला बर्फ पापडासारखा पातळ. तिथे तीन फांद्या आडव्यातिडव्या रोवून लाल लोकर बांधायची, म्हणजे येणारा लांबूनच वळतो. वादळानंतरच्या सकाळी मासेमारीला आलेल्या पाहुण्यांचं सामान घेऊन उलाचा नीलास निघाला आणि बर्फगाडीसकट खाली गेला. तिथे ना फांदी होती, ना लोकर.

"लावल्या होत्यास ना रे?" उलाच्या बायकोनं, एल्लेनं, त्याच दिवशी संध्याकाळी भावाला गदागदा हलवून विचारलं. पिएरानं मान खाली घातली.

"पाठच्या भावानं माझं लेकरू खाल्लं," ती म्हणाली. त्या दिवसापासून त्याला घराचं दार बंद झालं. पाहुण्यांना फिरवायचं कामही गेलं. शनिवारच्या बसनं तो कायमचा दक्षिणेला चालला होता. पीडा टळली, असं उला म्हणायचा. खरं तर त्या रागावरच तो सकाळी उठत होता. नाहीतर त्याच पाण्यात त्यानं कधीच उडी टाकली असती.

जाळं मात्र काढायलाच हवं होतं. एप्रिल सरत आला होता. जाळं बर्फाखाली सोडून मासे फुकट कुजवणं, हे पाप त्याच्या घरात कुणी केलं नव्हतं. वादळाच्या संध्याकाळी त्यानंच ते लावलं होतं, त्या बेटांच्या अलीकडे.

जाळं सोडायला पाडलेल्या भोकावरचा बर्फ त्यानं फावड्यानं सारला. भोक गोठू नये म्हणून आत कोंबलेल्या फांद्या ओढल्या. एक. दुसरी. तिसरीला लाल लोकर होती.

उलानं लोकरीवरचा बर्फ पुसला. त्या संध्याकाळी वारा असा होता की डोळे उघडत नव्हते. काठावर जाऊन कोण फांद्या तोडणार, म्हणून पायाशी आडव्या पडलेल्या सापडल्या, त्याच त्यानं उचलल्या होत्या.

मागे पावलं वाजली.

"पिएरा," उला म्हणाला. "तुला माहीत होतं?"

"नीलासला शोधताना या भोकातून लोकरीचं टोक वर आलेलं दिसलं. मी वर आणखी बर्फ लोटला."

"मग बोलला का नाहीस रे बाबा? आत्ताच्या आत्ता एल्लेला सांगतो. सगळ्यांना सांगतो!"

पिएरानं तिन्ही फांद्या उचलल्या आणि एकेक करून भोकातून बर्फाखाली ढकलल्या.

"नका सांगू, दाजी. भावाचं तोंड नाही पाहिलं तरी ताईचं चालेल. तुमच्यासमोर तिला रोज जेवायला बसायचंय."