आतलं हँडल

"दाराला आतून हँडल कशाला? डाळिंबं काय स्वतः उठून बाहेर येणार आहेत?" शीतगृहाच्या आराखड्यावर बोट आपटत अनसूयाबाई म्हणाल्या. आत बसून फळं हाणायला हमालांनीच या इंजिनिअरला फूस लावली असणार. "बाहेरून मात्र भक्कम कडी बसव."

शीतगृह उभं राहिलं, तर आतलं हँडल होतंच. "आत्ताच्या आत्ता काढ," त्या कडाडल्या. तो पाना आणायला गेला, तेवढ्यात त्या ते निरखायला आत शिरल्या. जड दार मागे आपोआप मिटलं. हाका बाहेर पोचेनात. काकडल्या बोटांनी त्यांनी हँडल दाबलं, तेव्हा दार उघडलं.

इंजिनिअर पाना घेऊन समोरच उभा. "काढू ना, मावशी?"

"राहू दे." पदर लपेटत त्यांनी कडीकडे संशयाने पाहिलं. "ही बाहेरून कडी लावायची अक्कल तुला कुणी दिली रे?"